कल्पित पोराने खऱ्या माणसांचं काम हिरावून घेऊ नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पलूस तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षं नोकरी झाली. आता घराच्या सोप्यात पुस्तकांची दोन कपाटं मांडली आहेत. दर रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत रोज सकाळी गावातली पंधरा-वीस मुलं वाचायला येतात. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, घसा सुकला की पुस्तक शेजारच्याच्या हातात द्यायचं, अशी आमची रीत. या सुट्टीत घडलेल्या एका प्रसंगावरून हे पत्र लिहिते आहे. लांबलं आहे, पण गोष्ट मनाला लागून राहिली आहे, तेव्हा सांभाळून घ्यावं.

आम्ही एक किशोर कादंबरी वाचत होतो. सातारच्या प्रतिसरकारावरची, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीत इंग्रजांना न जुमानता लोकांनी चालवलेल्या सरकारावरची, आमच्याच शिवारात घडलेल्या गोष्टीवरची. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव देत नाही, कारण असं लिहिणारे ते एकटेच नाहीत. नायक १२ वर्षांचा मुलगा. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेची पगारगाडी लुटली गेली, तो प्रसंग शेवटाकडे येतो. गाडी कुठे अडवायची ते हा मुलगा सांगतो. रुळांवर दगड रचायची युक्ती त्याचीच. गार्डच्या हातातली बंदूक तोच हिसकावतो आणि पैसे घेऊन अंधारातून वाटही तोच काढतो. मोठी माणसं आपली त्याच्या मागून.

मुलं अगदी जीव कानात आणून ऐकत होती. वाचून झालं तसे दोघे-तिघे उठून लुटूपुटूची गाडी अडवायलाही लागले. सहावीतली एक मुलगी मात्र खांबाला टेकून बसून राहिली. तिचे पणजोबा तुफान सेनेत, म्हणजे प्रतिसरकाराच्या लढाऊ दलात होते. घरात भिंतीवर त्यांचा फेट्यातला फोटो आहे, शेजारी ताम्रपट आहे. शेणोलीला दगड रचणाऱ्यांत ते होते असं तिच्या घरात सांगतात. तिने विचारलं, "बाई, ह्यो पोरगा खरा होता का?" म्हटलं, नाही गं, लेखकाने मनाने उभा केलाय. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग माझ्या पणज्यानं काय केलं?"

संपादक महाराज, ३४ वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, पण या प्रश्नाला मला चटकन उत्तर सुचलं नाही.

मुलांसाठी क्रांतीच्या गोष्टी लिहाव्यात का, त्यात कल्पना असावी का, हा माझा प्रश्नच नाही. लिहाव्यातच, आणि पुष्कळ लिहाव्यात. पाठ्यपुस्तकात प्रतिसरकाराच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो. 'क्रांतिसिंह नाना पाटील यांनी सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार स्थापन केले' हे वाक्य मी स्वतः फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. रात्री दाराची कडी वाजली की पोलीस आले की आपला माणूस आला, हे न कळून पोटात जो गोळा येतो तो गोष्टीतच सांगता येतो. पण गोष्टीतला कल्पित पोरगा खऱ्या माणसांच्या शेजारी उभा राहावा. त्यांना ढकलून त्यांच्या जागी उभा राहू नये. मला म्हणायचं आहे ते एवढंच.

शेणोलीचंच घ्या. गाडीसमोर रुळांवर दगडांची रास घातली होती, आणि गाडी मागे पळून जाऊ नये म्हणून मागच्या बाजूलाही. बहुतेकांच्या हाती काठ्या आणि विळे-कोयते. पकडले गेलो तर जन्म तुरुंगात जाणार हे प्रत्येकाला माहीत. पुढे असणाऱ्यांत कुंडलचे रामचंद्र लाड, ज्यांना सगळा भाग कॅप्टन भाऊ म्हणून ओळखायचा, आणि जी. डी. बापू लाड. दोघांचा जन्म १९२२ चा. म्हणजे त्या दिवशी त्यांच्या वयाला एकविसावं सरलेलं नव्हतं. आज आमच्या गल्लीत याच वयाची पोरं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेली असतात. मिळालेली रक्कम १९,१७५ रुपये. कॅप्टन भाऊ नव्वदी ओलांडल्यावरही हा आकडा शेवटच्या पाच रुपयांसकट सांगायचे आणि तिला लूट म्हणू नका असं बजावायचे. इंग्रजांनी इथल्या लोकांकडून नेलेलं इथल्या लोकांसाठी परत आणलं, हा त्यांचा हिशेब. इतका चोख हिशेब ठेवणारी माणसं खरी होऊन गेलेली असताना त्यांचं काम एका मनाने रचलेल्या मुलाला द्यायची काय गरज पडली?

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी मुलांना शेणोलीला घेऊन गेले. दोन वडाप गाड्या केल्या, दोघी पालक सोबत होत्या. रुळांजवळ कुणालाच जाऊ दिलं नाही, लांबूनच बघितलं. कादंबरीत लिहिलं होतं की मुलगा 'आजच्यासारख्याच' रुळांवर कान टेकून गाडीची चाहूल घेतो. मी सांगितलं, त्या वेळचा पुणे-मिरज लोहमार्ग मीटर गेज होता, आत्ताचा हा रुंद रूळ नंतरचा. कुणालाच नीट कळेना. मग बाजूच्या मोकळ्या जागेत शाळेतली मीटरपट्टी आडवी ठेवली. "दोन रुळांत एवढंच अंतर." एक मुलगा पट्टीच्या दोन टोकांवर पाय ठेवून उभा राहिला, वर बघत म्हणाला, "म्हणजे गाडीबी बारकी असणार की. आणि दगडं कमी लागली असणार." दुसरा म्हणाला, "कमी कशी? मागं बी रचायची होती." मग किती दगड, किती माणसं, एक माणूस एका वेळेला किती उचलेल, अंधारात आवाज न करता कसा ठेवेल, यावर पाऊण तास हुज्जत चालली. एकाने खरंच एक दगड उचलून आवाज न करता ठेवून बघितला. जमलं नाही. तेव्हा ती मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "दोघांनी धरायचा." दोघींनी धरला, वाकून ठेवला, आवाज झाला नाही. पणजोबाने काय केलं ते तिला तिथे कळलं, असं मला वाटतं. मी काहीच सांगितलं नव्हतं.

त्या पुस्तकात आणखी एक चूक होती आणि तीही लहान नाही. कुंडल 'सांगली जिल्ह्यात' आणि तिथे 'इंग्रजांचं पोलीस ठाणं' असं त्यात आहे. सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. साताऱ्याचा दक्षिण भाग १९४९ साली वेगळा झाला आणि त्या दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० साली मिळालं. कुंडल तर इंग्रजी मुलखातही नव्हतं. ते औंध संस्थानात, पंतप्रतिनिधींच्या राज्यात होतं. किर्लोस्करवाडीही औंधातच. सांगलीचं संस्थान वेगळं. मध्ये-मध्ये इंग्रजी हद्दीतली गावं. एका ओढ्याच्या अलीकडे एकाचा अंमल, पलीकडे दुसऱ्याचा. भूमिगतांना याचा फार उपयोग झाला. इंग्रजी हद्दीत काम करायचं आणि संस्थानी हद्दीत येऊन निजायचं. मुलांच्या गोष्टीला यापेक्षा चांगली जमीन कुठली मिळणार? ओढा ओलांडला की पाठलाग थांबतो, हे मुलांना शिवाशिवीच्या खेळामुळे आपसूक कळतं. लेखकाने नकाशा न बघितल्यामुळे गोष्टीतलं हे नाट्यच वाया गेलं.

मग कल्पित मुलाने करायचं तरी काय, असं कुणी विचारेल. माझ्या आजीने जे केलं ते करावं.

आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. तिच्या माहेरच्या मळ्यात रात्रीचे भूमिगत येऊन राहायचे. रात्री चूल पेटवली की धूर आणि उजेड दिसतो, म्हणून जादाच्या भाकऱ्या दिवेलागणीच्या आतच थापून व्हायच्या. शेजारणीने विचारलं, एवढं पीठ कशाला मळलंस, तर उद्या वैरणीला माणसं आहेत म्हणायचं. बुट्टीच्या तळाला फडक्यात भाकरी, चटणी, कांदा, वर ओलं गवत, आणि गवतावर खुरपं दिसेल असं ठेवायचं. बुट्टी डोक्यावर घेऊन ही पोर एकटी मळ्याकडे निघायची, कारण एकट्या पोरीकडे कुणाचं लक्ष जात नाही. वाटेत कुणी भेटलं तर चाल बदलायची नाही, ही तिच्या आईची शिकवण. भाकऱ्या मोजून दिलेल्या असायच्या. आठ भाकऱ्या म्हणजे चार माणसं. एकदा बारा दिल्या तेव्हा तिला कळलं की आज काहीतरी मोठं आहे, आणि घरी परत येईपर्यंत तिला हगवण लागली. आजी हे सांगताना हसायची नाही. "भ्या वाटायचंच," म्हणायची. "भ्या वाटायचं आन् जायाचंच."

ती मळ्यात कुणाला भाकरी द्यायची त्यांची नावं तिला शेवटपर्यंत कळली नाहीत. विचारायचं नाही असा नेम होता. अशी मुलगी नायिका झाली तर ती कुणाचंही काम हिरावून घेत नाही. तिचं स्वतःचं काम आहे, आणि ते तिने केलं नसतं तर पुढचं कुणाचंच झालं नसतं.

आणि ज्यांना धाडसच हवं आहे त्यांना कल्पनेचे घोडे दामटायची गरज नाही. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई १९२६ च्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातल्या बंदुका पळवायच्या होत्या, तेव्हा त्या जेमतेम १७ वर्षांच्या. ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग काढलं. खोटा नवरा त्यांना खरोखरच बडवत होता, शेवटी त्याने मोठा धोंडा उचलला, तेव्हा पोलीस भांडण सोडवायला बाहेर धावले आणि साथीदार ठाण्यात शिरले. पुढे पणजीच्या तुरुंगातल्या एका साथीदाराच्या सुटकेसाठी त्या गोव्यात गेल्या आणि परतताना रात्रीची मांडवी एका लाकडी पेटीच्या आधाराने ओलांडली. २०२१ पर्यंत हौसाताई हयात होत्या. किती लेखकांनी त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसायला हवं होतं! आता कॅप्टन भाऊ नाहीत, जी. डी. बापू नाहीत, त्यांच्यासारखेच लढलेले नागनाथअण्णा नायकवडी नाहीत. ज्यांनी त्यांना ऐकलं ती पिढी अजून आहे, पण तीही सत्तरी-ऐंशीतली आहे.

शाळकरी मुलगा नायक हवा असेल तर नंदुरबारला जा. ९ सप्टेंबर १९४२ च्या फेरीत शिरीषकुमार मेहता गोळीने पडला तेव्हा तो १५ वर्षांचा होता. घर गुजराती, त्यामुळे घोषणाही गुजरातीत. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे चौघे गेले. मी मुलांना विचारलं तेव्हा शिरीषकुमारचं नाव सगळ्यांना माहीत होतं, उरलेल्या चौघांपैकी एकाचंही नाही. त्याच दिवशी, ९ सप्टेंबरलाच, इकडे वडूजला तहसील कचेरीवर मोर्चा गेला. झेंडा हाती धरलेले परशुराम घार्गे छातीवर गोळ्या घेऊन पडले. एकूण नऊ माणसं गेली. नंदुरबार आणि वडूज एका दिवसात, हे फळ्यावर तारखेसकट लिहिल्यावर एका मुलीने विचारलं, "त्यांचं त्यांचं ठरलं होतं का?" ९ ऑगस्टला 'छोडो भारत' चळवळ पेटली त्याला एक महिना झाला म्हणून, असं मी सांगितलं. ती बोटांवर दिवस मोजत बसली.

आता जरा अवघड गोष्टीकडे येते. या सरकारला लोक पत्री सरकार म्हणायचे. प्रती या शब्दाचा अपभ्रंश झाला तो पत्री ठोकण्यामुळे. पत्री म्हणजे तळपायावरचा मार. तो खबऱ्यांना, दरोडेखोरांना, रयतेला नाडणाऱ्यांना मिळायचा. त्या कादंबरीत पत्रीचा उल्लेखसुद्धा नाही. मुलांच्या मनावर वाईट परिणाम होईल म्हणून गाळलं असणार. दुसऱ्या एका पुस्तकात मी उलट बघितलं. तिथे पत्री म्हणजे गमतीची शिक्षा, मुलं हसतात, खलनायक लंगडत जातो.

आमच्या भावकीत एक म्हातारे होते. मी लहान असताना ते काठी घेऊन पाय ओढत चालायचे आणि गावात कुणी त्यांच्या दारात बसायला जायचं नाही. पुष्कळ वर्षांनी आईने सांगितलं की त्यांना पत्री बसली होती. पोलिसांना कुणाचा तरी ठावठिकाणा सांगितला म्हणून. त्यांनी सांगितला होता की नव्हता, यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत. मी प्रतिसरकाराला मानते. न्यायदान मंडळांनी गावची भांडणं गावात मिटवली, सावकारांनी गिळलेल्या जमिनी सोडवून दिल्या, दारू बंद केली, वाचनालयं काढली, बिनखर्चाची गांधी लग्नं लावली, हे सगळं मला अभिमानाने सांगायचं आहे. पण त्या म्हाताऱ्यांचा पायही मला सांगायचा आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला तो कळतो. वर्गात चूक कुणाची आणि मार कुणाला, हे तो रोज बघत असतो. मी हे मुलांना सांगितलं तेव्हा कुणाचाही प्रतिसरकारावरचा विश्वास उडाला नाही. एका मुलाने फक्त विचारलं, "मग कुणी त्यांची माफी मागितली का?" मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं.

म्हणून माझी लेखकांना आणि प्रकाशकांना विनंती आहे. मुलांच्या ऐतिहासिक कादंबरीच्या शेवटी दोन पानं ठेवा. त्यावर सरळ भाषेत लिहा: यातली ही माणसं खरी, हा मुलगा माझ्या मनातला. ही तारीख खरी, हा संवाद मी रचला. हे मी अमक्या गावच्या आजोबांकडून ऐकलं. सोबत त्या काळच्या हद्दींचा एक नकाशा द्या. दोन पानांनी गोष्टीची गोडी कमी होत नाही. आमच्याकडची मुलं तर कादंबरी संपली की पहिल्यांदा हेच विचारतात, आणि सांगायला मी शेजारी नसले तर त्यांना कोण सांगणार? ज्या गावात तुफान सेनेचा माणूसच माहीत नाही तिथल्या मुलाला तर तो १२ वर्षांचा नायक जन्मभर खराच वाटेल.

आपल्याला वेगळी विनंती आहे. ९ ऑगस्ट आणि १५ ऑगस्टच्या अंकांत मुलांच्या पानावर क्रांतिकारकांच्या गोष्टी छापल्या जातात. त्या प्रत्येक गोष्टीखाली खरं काय आणि रचलेलं काय याच्या चार ओळी लेखकाकडून मागून घ्याव्यात. जागेची अडचण असेल तर चित्र थोडं लहान करावं.

सहावीतल्या त्या मुलीने शेणोलीहून आल्यावर वही घातली आहे. पणजोबांबद्दल घरात कोण काय सांगतं ते ती लिहिते. डाव्या पानावर आजोबांनी सांगितलेलं, उजव्या पानावर आत्याने सांगितलेलं. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे तिने मधल्या शिवणीवर पेन्सिलने छोटी फुली केली आहे. आतापर्यंत ११ फुल्या झाल्या आहेत. पहिल्या सहा पानांची झेरॉक्स तिच्या आईच्या परवानगीने सोबत जोडली आहे, छापायची असेल तर मुलीचं आणि गावाचं नाव न घालता छापावी. मूळ वही तिच्याकडेच आहे. पुढच्या रविवारी ती चुलत आजोबांकडे जाणार आहे, आणि तिला उजव्या पानापलीकडे तिसरा रकाना कुठे आखायचा ते अजून ठरवायचं आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(ता. पलूस, जि. सांगली)